सेंद्रिय आयरिश नाश्ता: ताटात काय असते, लेबल कसे वाचावे आणि कोणत्या क्रमाने शिजवावे

आयर्लंडमध्ये ‘फुल आयरिश’ या नावाने मिळणारा नाश्ता म्हणजे एक पदार्थ नव्हे, तर आठ-दहा पदार्थांचे भरलेले ताट असते. त्यामुळे हाच नाश्ता सेंद्रिय घटकांपासून करायचा ठरवला, तर एका पाकिटावरचे लेबल पाहून काम भागत नाही. काही घटक सेंद्रिय स्वरूपात सहज मिळतात. काहींत सेंद्रिय असण्याने मोठा फरक पडतो, तर काहींत फारसा नाही. काही घटक शोधूनही सापडत नाहीत. पैसे कुठे खर्च करावेत आणि कुठे करू नयेत, हे कळले की हा नाश्ता घरी करणे सोपे होते.

ताटात काय काय असते?

- रॅशर: मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप. आयर्लंडमध्ये ते बहुधा पाठीच्या भागाचे असतात. इतर देशांत ‘बेकन’ म्हणून मिळणारे चरबीचे पट्टे असलेले काप पोटाच्या भागाचे असतात.
- सॉसेज: डुकराच्या मांसाचे, ब्रेडचा चुरा घातलेले आणि पोताला मऊ.
- ब्लॅक पुडिंग: नावात पुडिंग असले तरी हा गोड पदार्थ नाही. डुकराचे रक्त, चरबी, ओट किंवा बार्ली, कांदा आणि मसाले एकत्र शिजवून केलेली ही जाड नळी असते. तिच्या चकत्या तळतात.
- व्हाइट पुडिंग: तसाच प्रकार, पण त्यात रक्त नसते.
- अंडी: बहुतेक वेळा तळलेली, कधी भुर्जीसारखी.
- टोमॅटो आणि मशरूम: त्याच तव्यावर परतलेले.
- सोडा ब्रेड, लोणी आणि दूध घातलेला कडक चहा.

डब्यातले बेक्ड बीन्स आज अनेक ठिकाणी वाढले जातात, पण ते नंतर आले. ते ताटात असावेत की नाही, यावर आयरिश लोकांतच एकमत नाही. उत्तरेकडच्या अल्स्टर भागात याच ताटाला ‘अल्स्टर फ्राय’ म्हणतात. तिथे सोडा ब्रेड आणि बटाट्याची भाकरी तव्यावर भाजून चार तुकड्यांत कापतात. त्या प्रत्येक तुकड्याला ‘फार्ल’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ चौथा भाग, म्हणजे आपला चतकोरच. कॉर्कमध्ये ‘ड्रिशीन’ नावाचे वेगळे रक्ताचे पुडिंग आहे, तर वॉटरफर्डमध्ये ‘ब्ला’ नावाचा मऊ पांढरा पाव आहे. या पावाला २०१३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले.

हा नाश्ता आला कुठून?

एवढे भरगच्च ताट सामान्य आयरिश माणूस रोज सकाळी खात होता, हा समज चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकात गरिबांच्या घरी ओटची पेज, बटाटे आणि ताक हेच रोजचे खाणे होते. डुक्कर घरोघरी पाळले जाई. उरलेले बटाटे, सालपटे आणि ताक यांवर ते वाढे. पण ते बहुधा खाण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी असे. जमीनदाराचे भाडे त्या पैशातून भागे. म्हणून डुकराला गमतीने ‘भाडे भरणारे सद्गृहस्थ’ म्हटले जाई.

ज्या घरी डुक्कर कापले जाई तिथे काही वाया जात नसे. मांस मिठात मुरवून ठेवत. रक्त टिकत नाही, म्हणून त्याचे पुडिंग लगेच करून शेजाऱ्यांत वाटले जाई. ब्लॅक पुडिंगचा उगम चोखंदळपणात नाही, काटकसरीत आहे.

सोडा ब्रेडची गोष्टही तशीच. आयर्लंडच्या ओलसर, थंड हवेत येणारा गहू मऊ जातीचा असतो. त्यात ग्लुटेन कमी असते. यीस्टने फुगणाऱ्या पावाला तो फारसा मानवत नाही. खाण्याचा सोडा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजारात आला आणि १८३० च्या दशकात सोडा-ताकाच्या ब्रेडच्या कृती छापून येऊ लागल्या. घरात ताक होतेच आणि भट्टीची गरज नव्हती. चुलीवरच्या झाकणाच्या लोखंडी भांड्यात ब्रेड होऊ लागला.

१८४५ पासून बटाट्यावर करपा पडला. त्यानंतरच्या महादुष्काळात सुमारे १० लाख लोक मेले आणि किमान तितकेच देश सोडून गेले. एकाच पिकावर जगणाऱ्या समाजाची ही आठवण आयरिश खाद्यसंस्कृतीत आजही ताजी आहे. भरलेल्या ताटाला तिथे जे महत्त्व आहे, त्यामागे ही आठवणही आहे.

स्थानिक शेतमालाला पुन्हा मान मिळवून देण्यात मर्टल अ‍ॅलन यांचा वाटा मोठा आहे. १९६४ मध्ये त्यांनी कॉर्क परगण्यातील बॅलिमलू हाउस या आपल्या राहत्या घरातच रेस्टॉरंट सुरू केले. जवळच्या शेतात जे पिकते तेच ताटात, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या सून डरिना अ‍ॅलन यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेली बॅलिमलू पाककला शाळा आज सेंद्रिय शेतीवरच वसलेली आहे.

‘सेंद्रिय’ म्हणजे नेमके काय?

आयर्लंड युरोपीय संघात आहे. तिथे खाद्यपदार्थाच्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ हा शब्द मनाला येईल तसा छापता येत नाही. युरोपीय संघाचा २०१८/८४८ हा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार प्रक्रिया केलेल्या पदार्थाला सेंद्रिय म्हणून विकायचे असेल, तर त्यातील शेतमालाच्या घटकांपैकी वजनाने किमान ९५ टक्के सेंद्रिय असावे लागतात.

पाकिटावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हिरव्या चौकटीत ताऱ्यांनी रेखलेले पान. हे युरोपीय संघाचे सेंद्रिय चिन्ह. दुसरी, त्याजवळचा सांकेतिक क्रमांक. ‘आयई-ओआरजी’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे आयर्लंडमधील मान्यताप्राप्त संस्थेने तपासणी केलेली आहे. चिन्हाजवळ शेतमाल युरोपीय संघातला आहे की बाहेरचा, हेही लिहिलेले असते. सेंद्रिय म्हणजे स्थानिक असेलच असे नाही, हे इथे कळते.

एक पळवाट मात्र लक्षात ठेवावी. हॉटेल, कॅफे आणि घरगुती निवासाची सोय करणाऱ्या ‘बी अँड बी’ यांच्या स्वयंपाकघरातील कामाला हा युरोपीय नियम थेट लागू होत नाही आणि त्यांना आपल्या मेन्यूवर ते पानाचे चिन्हही वापरता येत नाही. मेन्यूवर ‘सेंद्रिय नाश्ता’ असे लिहिले असेल, तर कोणकोणते घटक सेंद्रिय आहेत हे विचारणे योग्य. अनेकदा उत्तर ‘अंडी’ एवढेच असते.

कोणता घटक कसा निवडावा?

अंडी. सेंद्रिय खरेदीची सुरुवात इथून करावी, कारण ओळखणे सर्वांत सोपे आहे. युरोपीय संघात अंड्याच्या कवचावरच क्रमांक छापलेला असतो. पहिला आकडा ० असेल तर अंडे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्या जागेत फिरणाऱ्या कोंबडीचे, २ म्हणजे बंद शेडमध्ये मोकळ्या ठेवलेल्या कोंबडीचे आणि ३ म्हणजे पिंजऱ्यातील कोंबडीचे. त्यापुढे देशाचा संकेत येतो. सेंद्रिय पद्धतीत शेडमध्ये एका चौरस मीटरला जास्तीत जास्त ६ कोंबड्या ठेवता येतात आणि बाहेर प्रत्येकीला किमान ४ चौरस मीटर जागा द्यावी लागते. खाद्यही सेंद्रिय असावे लागते.

लोणी, दूध, ताक. आयर्लंडच्या गायी वर्षातील बराच काळ कुरणात चरतात. म्हणूनच तिथले लोणी पिवळेधमक असते. पण ‘गवतावर वाढलेल्या गायीचे’ आणि ‘सेंद्रिय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुरणावर रासायनिक नत्रखत टाकलेले असू शकते. सेंद्रिय शेतीत ते चालत नाही. तिथे नत्रासाठी क्लोव्हरसारख्या द्विदल वनस्पती आणि शेणखत यांवर भर असतो.

पीठ आणि ओट. सेंद्रिय कणीक आणि ओट आयर्लंडमध्ये सहज मिळतात. सबंध धान्याचे पीठ घेताना सेंद्रिय असण्याला जास्त अर्थ आहे, कारण त्यात कोंडा तसाच राहतो.

रॅशर आणि सॉसेज. खरी अडचण इथे येते. आयर्लंडमधील सेंद्रिय शेती मुख्यतः गायीगुरे आणि मेंढ्यांची आहे. ही जनावरे गवतावर वाढतात. डुकराला धान्य लागते आणि सेंद्रिय धान्य महाग असते. त्यामुळे सेंद्रिय डुकराचे मांस कमी मिळते आणि किंमत बरीच जास्त असते.

पण फरकही इथेच सर्वांत मोठा आहे. सेंद्रिय पद्धतीत डुकरांना बाहेर मोकळे जाता येते आणि बसण्या-उकरण्यासाठी पेंढा मिळतो. शेपट्या सरसकट कापता येत नाहीत. आजार होण्याआधीच प्रतिजैविके देता येत नाहीत. उपचारासाठी औषध दिले, तर मांस विकण्यापूर्वी नेहमीच्या दुप्पट काळ थांबावे लागते.

सेंद्रिय रॅशर मिळाले नाहीत, तर निदान कोरड्या मिठात मुरवलेले घ्यावेत. मिठाचे पाणी टोचलेले स्वस्त रॅशर तव्यावर पांढरट पाणी सोडतात. ते तळले जाण्याऐवजी उकडतात. सॉसेज घेताना मांसाचे प्रमाण पाहावे. ते पाकिटावर टक्क्यांत लिहिलेले असते आणि ब्रँडनुसार खूप बदलते.

पुडिंग. प्रमाणित सेंद्रिय ब्लॅक पुडिंग दुर्मीळ आहे. अनेक उत्पादक ताज्या रक्ताऐवजी वाळवलेल्या रक्ताची भुकटी वापरतात. तेव्हा लेबलवर ‘ताजे रक्त’ लिहिले आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ. पश्चिम कॉर्कमधील क्लोनाकिल्टी हे गाव ब्लॅक पुडिंगसाठी प्रसिद्ध आहे.

टोमॅटो आणि मशरूम. सेंद्रिय मशरूम वर्षभर मिळतात. आयरिश टोमॅटोचा खरा हंगाम उन्हाळ्यात असतो. हिवाळ्यात दुरून आलेला बेचव सेंद्रिय टोमॅटो घेण्यापेक्षा तो ताटातून वगळलेला बरा.

बटाटे. सेंद्रिय शेतकऱ्यापुढे करपा हे आजही मोठे संकट आहे, कारण कृत्रिम बुरशीनाशके वापरता येत नाहीत. त्यामुळे करप्याला तोंड देणाऱ्या जाती लावल्या जातात. ‘सारपो मीरा’ ही त्यांपैकी एक. फार्लसाठी रूस्टर, कर्स पिंक यांसारखा पिठूळ बटाटा चांगला.

सोडा ब्रेड कसा करावा?

साहित्य: सबंध गव्हाचे जाडसर पीठ २२५ ग्रॅम, मैदा २२५ ग्रॅम, खाण्याचा सोडा १ सपाट चमचा, मीठ १ चमचा, ताक ३७५ ते ४०० मिलिलिटर. चमचा म्हणजे चहाचा.

१. ओव्हन २३० अंश सेल्सिअसवर तापवून ठेवावा.
२. पीठ, मीठ आणि चाळलेला सोडा कोरडाच नीट मिसळावा. सोड्याची गुठळी राहिली, तर ब्रेडमध्ये पिवळे डाग पडतात आणि चव साबणासारखी लागते.
३. मध्ये खड्डा करून बहुतेक ताक एकदम ओतावे. बोटे फाकवून हात गोल फिरवत मिसळावे. गरज वाटली तरच उरलेले ताक घालावे.
४. पीठ मळू नये. गोळा जेमतेम एकत्र आला की पुरे. हा पोळीच्या कणकेसारखा मळला, तर ब्रेड दगडासारखा होतो.
५. सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा गोल थापून वर सुरीने खोल फुली मारावी. फुलीमुळे घरातील पऱ्या बाहेर पडतात, असा गमतीचा समज आहे. प्रत्यक्षात तिच्यामुळे उष्णता जाड मध्यभागापर्यंत पोचते.
६. १५ मिनिटांनी तापमान २०० अंशांवर आणून आणखी ३० मिनिटे भाजावे. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की ब्रेड झाला.

ताकातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो. तोच ब्रेड फुगवतो. म्हणून भिजवलेले पीठ ठेवून द्यायचे नाही, लगेच ओव्हनमध्ये घालायचे. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेतल्यास ताकाची आंबट चव तशीच उरते.

बटाट्याचे फार्ल

उकडून गरम असतानाच कुस्करलेले ५०० ग्रॅम बटाटे, १०० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम लोणी आणि मीठ एकत्र करावे. अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाडीचा गोल लाटून त्याचे चार चतकोर करावेत. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर प्रत्येक बाजू ४ ते ५ मिनिटे भाजावी. हे आदल्या दिवशी करून ठेवता येते. सकाळी रॅशरच्या चरबीत पुन्हा परतावे.

शिजवण्याचा क्रम

दोन माणसांसाठी २ ते ४ सॉसेज, ४ रॅशर, पुडिंगच्या ४ चकत्या, २ ते ४ अंडी, २ टोमॅटो आणि १५० ग्रॅम मशरूम पुरतात. सगळे एकाच वेळी गरम वाढणे हीच या नाश्त्याची कसोटी. त्यासाठी ओव्हन १०० अंशांवर ठेवून त्यात ताटल्या आणि तयार पदार्थ ठेवत जावे.

१. सर्वांत आधी सॉसेज. मंद ते मध्यम आचेवर वळवत १२ ते १५ मिनिटे. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या सल्ल्यानुसार आतले तापमान ७५ अंशांपर्यंत जायला हवे. टोचे मारू नयेत, रस निघून जातो.
२. त्याच तव्यात रॅशर, प्रत्येक बाजू २ ते ३ मिनिटे. वेगळे तेल लागत नाही.
३. पुडिंगच्या सव्वा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या, प्रत्येक बाजू ३ ते ४ मिनिटे. वारंवार उलटल्यास त्या फुटतात.
४. आच वाढवून मशरूम लोण्यात ५ ते ६ मिनिटे. मीठ शेवटी घालावे, नाहीतर पाणी सुटते.
५. अर्धे कापलेले टोमॅटो, कापलेली बाजू खाली ठेवून ४ मिनिटे. उरलेल्या जागेत फार्ल परतावे.
६. अंडी सर्वांत शेवटी, २ ते ३ मिनिटे. चमच्याने गरम चरबी वरून सोडली की बलक मऊ राहतो आणि पांढरा भाग शिजतो.

चहा अंडी फोडण्याआधीच मुरायला ठेवावा. आयरिश चहाच्या मिश्रणात आसाम आणि पूर्व आफ्रिकेचा चहा प्रामुख्याने असतो. म्हणून तो गडद होतो आणि भरपूर दूध पेलतो.

शाकाहारी ताट

मांस वगळले तरी ताट रिकामे दिसत नाही. सोडा ब्रेड, बटाट्याचे फार्ल, लोण्यात परतलेले मशरूम, टोमॅटो, बीन्स आणि चालत असल्यास अंडी एवढ्यावर पोटभर नाश्ता होतो. किसलेला कच्चा बटाटा, कुस्करलेला बटाटा, मैदा आणि ताक यांचे ‘बॉक्स्टी’ नावाचे धिरडेही त्यात घालता येते. हे ताट पूर्णपणे सेंद्रिय करणे मांसाहारी ताटापेक्षा खूपच सोपे आणि स्वस्त आहे.

भारतात करायचा असेल तर

घरचे ताक सोडा ब्रेडला उत्तम चालते, फक्त ते पातळ नको. दही घुसळून थोडेच पाणी घालावे आणि ते आंबट असावे. चक्कीची कणीक आयरिश पिठापेक्षा बारीक असते. जाडसर पोत हवा असेल, तर त्यात मूठभर गव्हाचा दलिया किंवा ओट मिसळावेत. सेंद्रिय पीठ, बटाटे किंवा चहा घेताना अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे ‘जैविक भारत’ चिन्ह पाहावे. त्यामागे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणन असते.

सेंद्रिय म्हणजे आरोग्यदायी का?

या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. सेंद्रिय प्रमाणपत्र शेती कशी केली आणि जनावर कसे वाढवले हे सांगते. ताटातले मीठ आणि चरबी त्याने कमी होत नाही. सेंद्रिय रॅशरमध्ये नायट्राइट नसतेच, हाही गैरसमज आहे. युरोपीय नियमांत ते सर्वसाधारण मांसापेक्षा कमी मर्यादेत, पण चालते. नको असेल, तर घटकांच्या यादीत ई २४९ ते ई २५२ हे क्रमांक नाहीत ना, हे पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस माणसाला कर्करोगकारक असल्याचे म्हटले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. रॅशर, सॉसेज आणि पुडिंग याच गटात येतात, सेंद्रिय असोत वा नसोत.

म्हणून आयर्लंडमध्येही अनेक घरांत हा नाश्ता रोजचा नसून रविवारचा किंवा सुटीचा असतो. तोच हिशेब सेंद्रिय खरेदीलाही लागू पडतो. रोजच्या चार स्वस्त रॅशरऐवजी रविवारी दोनच, पण चांगल्या पाळलेल्या जनावराचे घेतले, तर खर्च आटोक्यात राहतो. अंडी, लोणी, पीठ आणि भाज्या आधी सेंद्रिय घ्याव्यात, मांसाचे प्रमाण कमी करून त्याचा दर्जा वाढवावा आणि जे प्रमाणित मिळत नाही ते कुठून आले हे विचारून घ्यावे. वर्षाकाठी एकच डुक्कर कापणाऱ्या जुन्या आयरिश घरातही मांस असेच जपून खाल्ले जात होते.